आडवा खेळाडू, उभी बाटली

खेळाडू दारू पिऊन चव्हाट्यावर आला की महाराष्ट्रातील सुशिक्षित वर्गाच्या नीतिमत्तेला एकाएकी भरती येते. अग्रलेख लिहिले जातात, निवृत्त खेळाडूंच्या मुलाखती होतात, ‘तरुण पिढीने आता कोणाकडे पाहायचे?’ असा हृदय पिळवटणारा प्रश्न विचारला जातो. आठ-पंधरा दिवसांत भरती ओसरते आणि किनारा पूर्वीसारखा कोरडा होतो. कोरडा हा शब्द अर्थात जपूनच वापरला पाहिजे. ज्या दूरचित्रवाणी वाहिनीवर हा उपदेश चाललेला असतो, तिच्यावरच दोन षटकांच्या मधल्या वेळात दारूच्या नावाचा सोडा, दारूच्या नावाचे पाणी आणि दारूच्या नावाच्या संगीताच्या तबकड्या विकल्या जात असतात, आणि त्या विकणारा बहुधा कोणीतरी खेळाडूच असतो.

विनोद कांबळी हे या उपदेशकांचे सर्वांत आवडते उदाहरण. कांजूरमार्गच्या चाळीतून लोकलने मैदान गाठणारा हा मुलगा १९८८ च्या फेब्रुवारीत हॅरिस ढालीच्या सामन्यात शारदाश्रमकडून नाबाद ३४९ धावा करतो, समोर सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, भागीदारी ६६४ धावांची. पुढे १९९३ साली इंग्लंडविरुद्ध वानखेडेवर २२४, लगेच झिंबाब्वेविरुद्ध दिल्लीत २२७. सतरा कसोटी सामने, सरासरी चोपन्नच्या वर, आणि शेवटची कसोटी १९९५ साली, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी. त्यानंतरची कहाणी वर्तमानपत्रांनी चवीने सांगितली आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत वांद्र्यात नशेत गाडी चालवून धडक दिल्याच्या आरोपावरून अटक आणि जामीन. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘मंडळाचे तीस हजारांचे निवृत्तिवेतन हीच माझी कमाई, मला काम द्या’ अशा आशयाची जाहीर विनवणी. २०२३ च्या फेब्रुवारीत पत्नीच्या तक्रारीवरून नशेत मारहाण व शिवीगाळ केल्याचा गुन्हा दाखल. आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर यांच्या स्मारकाच्या अनावरणप्रसंगी जुन्या मित्राचा हात न सोडणारा, थकलेला कांबळी. ते चित्रण देशाने पाहिले. काहींनी डोळे पुसले, काहींनी ‘पाहा, दारूने काय केले’ म्हणून आपल्या मुलांना दाखविले.

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. नशेत गाडी हाकणाऱ्याने कोणाला धडक दिली असेल, तर तो खेळाडू आहे म्हणून त्याला सूट नाही. नशेत घरातील स्त्रीवर कोणी हात उगारला असेल, तर त्याच्या कसोटी सरासरीचा त्या गुन्ह्याशी यत्किंचितही संबंध नाही. ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवर बसलेल्या चालकाला जो कायदा, तोच वांद्र्याच्या मोटारीत बसलेल्याला लागू झाला पाहिजे. आरोप सिद्ध करणे न्यायालयाचे काम आहे आणि ते त्यानेच करावे. ज्याला इजा झाली त्याचा हक्क पहिला. समाजवादी विचारात दारूबाज नवऱ्याविषयी हळवेपणा दाखविण्याची प्रथा नाही, आणि तो नवरा नामवंत असला म्हणून ती सुरू करण्याचे कारणही नाही.

परंतु उपदेशकांना इजा झालेल्या माणसाशी काही कर्तव्य नसते. त्यांच्या लेखनात पत्नी एका वाक्यापुरती येते आणि ज्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले त्याचा तर उल्लेखही नसतो. त्यांचे दुःख निराळे असते: त्यांची मूर्ती भंगलेली असते. खेळाडू हा ‘आदर्श’ होता आणि त्याने आदर्शाचे कर्तव्य पाळले नाही, ही त्यांची तक्रार. म्हणून हे कर्तव्य येते कोठून, हे तपासले पाहिजे.

तालमीतील वस्तादाचा पठ्ठ्यावर अधिकार असे, कारण गाव त्या पठ्ठ्याला पोसत असे. दुधाचा रतीब घरोघरून येई, जत्रेच्या फडातील इनाम वर्गणीतून उभे राही. त्या मल्लाने नशापाणी केले, तर गावाला त्याला जाब विचारण्याचा हक्क होता. खुराक गावाचा होता. हे नाते सरंजामी होते, त्यात जातीपातीचे हिशेब होते, हे सर्व मान्य. तरीही ते नाते होते. आजच्या क्रिकेटपटूचे आदर्शत्व कोणत्या नात्यातून येते? ते बाजारातून येते. लहान मुलाला त्याच्याविषयी वाटणारे प्रेम हा कच्चा माल आहे. तो नियामक मंडळ, वाहिन्या आणि जाहिरातदार यांच्या कारखान्यात जातो आणि ‘प्रतिमा’ नावाचा पक्का माल होऊन बाहेर पडतो. त्या मालाची किंमत इतकी आहे की २०२३ ते २०२७ या पाच हंगामांसाठी आयपीएलचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. आदर्श हा आता सद्गुणांचा नमुना राहिलेला नसून भाड्याने दिलेली मिळकत झाला आहे. आणि मिळकतीची डागडुजी कोणी करावी? भाडे खाणाऱ्याने की भिंतीने?

या मिळकतीचे भाडेकरू कोण, हे पाहण्यासाठी २०११ सालाकडे वळावे. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये भारताने वानखेडेवर विश्वचषक जिंकला. जुलैमध्ये त्याच संघातील हरभजन सिंगच्या कुटुंबीयांनी विजय मल्ल्यांच्या मद्य कंपनीला वकिलाची नोटीस धाडली. कारण काय? हरभजन एका व्हिस्कीच्या नावाची जाहिरात करीत होता. प्रतिस्पर्धी व्हिस्कीच्या नावाच्या जाहिरातीत संघाचा कर्णधार महेंद्रसिंग धोनी होता, आणि त्या जाहिरातीत हरभजनसारख्या दिसणाऱ्या नटाची खिल्ली उडविली होती. विश्वविजेत्या संघातील दोन सहकारी दोन दारूंच्या बाजूने परस्परांसमोर उभे! वर्तमानपत्रांनी हा प्रकार गंमत म्हणून छापला. ‘तरुण पिढीने कोणाकडे पाहायचे?’ हा प्रश्न त्या वेळी एकाही अग्रलेखात कळवळून आला नाही. कारण दोघेही शुद्धीवर होते, नीटनेटके कपडे घातलेले होते आणि रीतसर करारावर सह्या करून आलेले होते.

मुद्दा नेमका हाच आहे. खेळाडूने दारू पिणे हा त्याच्या शरीराचा, त्याच्या घराचा आणि मर्यादा ओलांडली तर पोलिसांचा प्रश्न आहे. खेळाडूने दारू विकणे हा समाजाचा प्रश्न आहे. पिऊन पडलेल्या खेळाडूकडे पाहून कोणताही मुलगा प्यायला लागत नाही. उलट ते दृश्य पाहून काही मुले सावधही होत असतील. मुलगा शिकतो तो चषक उंचावणाऱ्या, हसऱ्या, यशस्वी खेळाडूच्या शेजारी ठेवलेल्या नावाकडून. पडलेल्याला शिव्या आणि विकणाऱ्याला टाळ्या, असा हा सध्याचा नीतिशास्त्रीय व्यवहार आहे.

हे नीतिशास्त्र श्रीपूरच्या मातीत उभे राहून पाहिले म्हणजे त्याचा उग्र वास येतो. माळशिरस तालुक्यातील हे गाव कारखान्याभोवती वाढले. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटने येथे साखर कारखाना उभारला. पुढे श्रीपुरात सहकारी साखर कारखाना आला, आणि मळीपासून मद्यार्क व मद्य करणारी डिस्टिलरीही येथे चालत आली. आगाशे यांच्याच नावाने पुण्यात शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय आहे, १९७७ पासून. त्यात लाजण्यासारखे काही नाही. उलट तेथून अनेक चांगले क्रीडाशिक्षक बाहेर पडले. एवढेच दिसते की भांडवलाच्या एका हातात बाटली आणि दुसऱ्या हातात डंबेल्स असू शकतात, आणि त्याला त्यात काडीचीही विसंगती वाटत नाही. विसंगती वाटावी अशी अपेक्षा फक्त खेळाडूकडून.

श्रीपूरच्या पंचक्रोशीत ऊस तोडणारा माणूस या सर्व व्यवहाराच्या तळाशी आहे. हंगाम लागण्यापूर्वी मुकादमाकडून उचल घेतली जाते. ती एका माणसाच्या नावे नसते, कोयत्याच्या नावे असते, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचलीतील जो पैसा नवरा दारूत घालवितो, तो फेडण्यासाठी पहाटेच्या थंडीत मोळ्या बांधते बायको. तिने तोडलेल्या उसाचा रस निघतो, रसाची साखर होते, उरलेल्या मळीचा मद्यार्क होतो, त्या मद्यार्काची दारू बाटलीत भरून, शिक्का मारून, कर लावून पुन्हा तिच्याच खोपीपाशी येते. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत उत्पन्नाचा चक्राकार प्रवाह दाखविणारी एक सुबक आकृती असते. श्रीपूरच्या परिसरात ती आकृती चालती-बोलती पाहावयास मिळते. हंगाम संपतो, टोळ्या परततात, आणि त्याच सुमारास, मार्चअखेरीस, आयपीएल सुरू होते. कारखान्याच्या वसाहतीतील आणि महाळुंगच्या वस्त्यांवरील पोरे भ्रमणध्वनीच्या पडद्यावर वाकून बसतात. त्या पडद्यावरील एका संघाचे नावच २००८ पासून एका व्हिस्कीच्या नावावरून ठेवलेले आहे. बंगळुरूचा तो संघ मल्ल्यांनी ११ कोटी १६ लाख डॉलर्सना घेतला तेव्हा ही रक्कम खेळावर खर्च झाली, असे समजणारे लोक भाबडे म्हणावे लागतील. जे नाव जाहिरातीत उच्चारण्यास कायद्याने मनाई आहे, ते नाव समालोचकाच्या तोंडून, गुणफलकावरून आणि लहान मुलांच्या सदऱ्यांवरून अव्याहत वदवून घेण्याची ती किंमत होती.

कायदा अस्तित्वात नाही असे नव्हे. १९९४ चे केबल दूरचित्रवाणी नियम मद्याच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष जाहिरातीला मनाई करतात. २०२२ च्या जूनमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने आडवाटेच्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. २०२५ च्या मार्चमध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालकांनी आयपीएलच्या अध्यक्षांना पत्र लिहून मैदानात व प्रक्षेपणात तंबाखू आणि मद्याच्या सर्व जाहिराती बंद करण्यास सांगितले. खेळाडूंनी अशा मालाचा प्रचार करू नये, असेही त्यात सुचविले होते. पत्र उत्तम होते. मात्र सरकारने खेळाच्या मालकाला पत्र लिहावे, आणि तांड्यावरील हातभट्टीवाल्याकडे पोलिसांची गाडी पाठवावी, हा फरक सोलापूर जिल्ह्यातील माणसाच्या नजरेतून सुटत नाही. न्यायाने हेही नोंदविले पाहिजे की सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१ साली ‘ऑपरेशन परिवर्तन’ या नावाने हातभट्टीवर जगणाऱ्या कुटुंबांना दुसऱ्या व्यवसायाकडे वळविण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. तांड्यावरच्या निरक्षर बाईला ‘हा धंदा सोड, तुझ्या पोटाची दुसरी सोय लावू’ असे सांगता येते, तर कोट्यधीश क्रिकेट मंडळाला तेच सांगताना सरकारची जीभ का अडखळते?

याचे उत्तर राज्याच्या अंदाजपत्रकात आहे. संविधानाचे ४७ वे कलम मादक पेयांच्या बंदीची दिशा दाखविते. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही पुस्तकात आहे. कडक दारूसाठी वयाची अट पंचवीस वर्षांची आहे. आणि २०२५ च्या जूनमध्ये याच राज्याच्या मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरील शुल्क उत्पादनखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केले, देशी दारूवरील शुल्क वाढविले, धान्यापासूनच्या मद्याचा ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा नवा वर्ग निर्माण केला आणि वर्षाला चौदा हजार कोटींची जादा प्राप्ती होईल असा हिशेब मांडला. दारू महाग केली हे एका अर्थी चांगलेच. परंतु ज्याला चौदा हजार कोटी हवे आहेत तो दारू कमी खपावी अशी इच्छा मनापासून धरू शकत नाही. आणि हा कर भरतो कोण? मद्यावरील कर गरिबाच्या मिळकतीचा जेवढा हिस्सा खातो, तेवढा श्रीमंताच्या मिळकतीचा खात नाही, हे वेगळे सिद्ध करण्याची गरज नाही. दारूबंदीच्या कायद्याखाली दारूचे उत्पन्न काढणारे सरकार, दारूच्या नावाखाली खेळ विकणारे मंडळ आणि दोघांच्या जाहिरातींवर चालणारी वृत्तपत्रे, या त्रिकुटाने दारूबाज खेळाडूला नीतीचे धडे द्यावेत!

आता खेळाच्या आतील शिस्त पाहू. २०२२ च्या एप्रिलमध्ये यजुवेंद्र चहलने एक जुनी हकीकत सांगितली. २०१३ साली तो मुंबईच्या संघात होता. बंगळुरूच्या सामन्यानंतरच्या मेजवानीत दारूने झिंगलेल्या एका सहकाऱ्याने त्याला बाल्कनीबाहेर लोंबकळत धरले. मजला पंधरावा. हात निसटला असता तर काय झाले असते हे सांगावयास नको. चहल तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा, नवखा. त्याने त्या खेळाडूचे नाव सांगितले नाही आणि नऊ वर्षे ही गोष्टही सांगितली नाही. एखाद्या कारखान्यात दारू प्यालेल्या वरिष्ठाने नव्या कामगाराला धुराड्यावरून लोंबकळत ठेवले असते, तर युनियनने त्याच संध्याकाळी यंत्रे थांबविली असती. क्रिकेटमध्ये युनियन नाही. तेथे बोली आहे, आणि पुढच्या लिलावात नाव पुकारले जाईल की नाही ही भीती आहे. दारूच्या नशेत होणाऱ्या गैरवर्तनाचे पहिले बळी असे खेळाडूच असतात, तरुण आणि कंत्राटावरचे. त्यांच्या मौनाला ‘संघभावना’ असे गोंडस नाव दिलेले आहे.

२०१२ साली दिल्लीच्या हॉटेलात बंगळुरूच्या त्या व्हिस्कीनामक संघातील एका परदेशी खेळाडूला महिलेच्या विनयभंगाच्या तक्रारीवरून अटक झाली. पुढे ते प्रकरण तडजोडीने मिटले, तेव्हा त्याविषयी अधिक बोलणे योग्य नव्हे. परंतु अटकेच्या दुसऱ्याच दिवसांत संघमालकाच्या चिरंजीवांनी तक्रारदार महिलेच्याच वागणुकीवर समाजमाध्यमात जाहीर शेरेबाजी केली होती, हे विसरता येत नाही. मालकवर्गाची ही पहिली, अंगभूत प्रतिक्रिया.

याच्या शेजारी कुस्ती ठेवावी. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या गादीवर शिवराज राक्षेने पंचाला लाथ मारली. सोलापूरचा महेंद्र गायकवाडही अंतिम लढत अर्धवट सोडून वाद घालीत बाहेर पडला. दोघांनाही तीन वर्षांची बंदी ठोठावली गेली, तीही जवळजवळ तत्काळ. येथे दारूचा प्रश्न नव्हता, रागाचा होता. पंचाला लाथ मारणे गैरच. परंतु गावाकडच्या मल्लाला तीन वर्षे, आणि सहकाऱ्याला पंधराव्या मजल्यावरून लोंबकळविणाऱ्याचे नावही नाही! जेथे पैसा थोडा तेथे शिस्त कडक, हा भारतीय क्रीडाजगताचा अलिखित नियम दिसतो.

परदेशांतही ढोंग आहेच. २००७ च्या विश्वचषकात इंग्लंडचा उपकर्णधार अँड्र्यू फ्लिंटॉफ मध्यरात्री झिंगलेल्या अवस्थेत छोटी नाव घेऊन समुद्रात गेला. त्याचे उपकर्णधारपद गेले आणि एक सामना हुकला. अँड्र्यू सायमंड्सला २००९ साली मद्यपानाविषयीची अट मोडल्यावरून ऑस्ट्रेलियाने इंग्लंडमधून परत पाठविले. पुन्हा तो देशासाठी खेळला नाही. शिक्षा झाल्या, हे चांगले. परंतु सायमंड्सच्याच काळात ऑस्ट्रेलियातील तिरंगी एकदिवसीय मालिका एका बिअरच्या नावाने खेळल्या जात होत्या. बिअरच्या चषकासाठी झुंजायचे आणि बिअर प्यायली म्हणून घरी जायचे!

यावर काही आक्षेप येतात, आणि ते सगळेच खोटे नाहीत. एक म्हणजे जाहिरातीने दारूचा एकूण खप वाढत नाही, गिऱ्हाईक केवळ एका नावावरून दुसऱ्या नावाकडे जाते. हे खरे मानले, तर सर्व कंपन्यांवर एकदम बंदी आल्याने कोणाचेच नुकसान होऊ नये. उलट सर्वांचा जाहिरातखर्च वाचावा. मग बंदीला सर्वांत कडवा विरोध त्यांचाच का? पंचवीस वर्षांखालील ज्या मुलाला महाराष्ट्रात कडक दारू पिण्याचा कायदेशीर हक्कच नाही, तो अजून कोणत्याच नावाचा गिऱ्हाईक झालेला नाही. त्याच्यासाठी बाजार नवा आहे, आणि क्रिकेट पाहणाऱ्यांत त्याचाच भरणा मोठा आहे.

दुसरा आक्षेप अधिक जवळचा आहे, आणि श्रीपूरच्या कार्यकर्त्याला तो तोंडावर ऐकावा लागतो: डिस्टिलरीच्या कामगारांच्या पोटाचे काय? हा प्रश्न टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. जाहिरात बंद होणे म्हणजे कारखाना बंद होणे नव्हे. मळीपासून निघणाऱ्या मद्यार्काला बाटलीबाहेरही मागणी आहे: औषधांत, रसायनांत, आणि पेट्रोलमध्ये मिसळावयाच्या इथेनॉलसाठी. हे मिश्रण २०२५ साली वीस टक्क्यांवर गेले. दरांचे प्रश्न आहेत, केंद्राच्या धरसोडीचे प्रश्न आहेत, आणि कामगारांच्या हक्कांसाठी लढावेच लागेल. पण कामगाराच्या पोटाची ढाल पुढे करून कंपनीच्या फलकाचे रक्षण करण्यास कामगार चळवळीने नकार दिला पाहिजे. त्या कामगाराची पोरेही तोच पडदा पाहतात.

दारूचा पैसा गेला तर खेळ उपाशी मरेल, असेही म्हटले जाते. हे विधान मात्र इतिहासाने खोटे पाडले आहे. भारताच्या संघाच्या सदऱ्यावर १९९० च्या दशकात सिगारेटचे नाव होते. १९९६ चा विश्वचषकच त्या नावाने खेळला गेला. २००१ साली त्या कंपनीने प्रायोजकत्वातून अंग काढले आणि २००३ च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातीला व प्रायोजकत्वाला बंदी आली. क्रिकेट मंडळ त्यानंतर भिकेला लागले काय? ते जगातील सर्वांत श्रीमंत क्रिकेट मंडळ झाले. फ्रान्सने १९९१ च्या एव्हँ कायद्याने खेळातील मद्यप्रायोजकत्व बंद केले. १९९८ चा फुटबॉलचा विश्वचषक तेथे बिअरच्या फलकांवाचून झाला आणि फ्रान्सने तो जिंकलाही. युरोपातील रग्बीची एक मोठी स्पर्धा बिअर कंपनीच्या नावाने चाले. फ्रान्समध्ये तिला त्या नावाचे फक्त आद्याक्षर लावावे लागे. असा कायदा मद्यप्रेमी फ्रेंचांना पेलला. सोडा आणि पाण्याच्या आडून चालणारी लपवाछपवी गांधींच्या देशात खपवून घेतली जाते.

सचिन तेंडुलकरचे उदाहरण येथे नेहमी दिले जाते. वडील प्रा. रमेश तेंडुलकर यांना दिलेल्या शब्दाखातर त्याने तंबाखू आणि मद्याची जाहिरात केली नाही. १९९६ च्या विश्वचषकात तो कोऱ्या बॅटने खेळला. हे निश्चितच कौतुकास्पद आहे. परंतु त्या वर्षांची छायाचित्रे नीट पाहावीत. बॅट कोरी, आणि छातीवर सिगारेटचे नाव. बॅट त्याची होती, सदरा मंडळाचा होता. देशातील सर्वांत मोठ्या खेळाडूलाही स्वतःची छाती स्वतःच्या मालकीची ठेवता आली नाही, तर कांजूरमार्गच्या चाळीतून आलेल्या, एका अपयशाने संघाबाहेर जाणाऱ्या मुलाने ती कशी ठेवावी? याउलट दक्षिण आफ्रिकेच्या हाशिम आमलाने धर्मश्रद्धेपोटी संघाच्या सदऱ्यावर बिअरचे चिन्ह लावण्यास नकार दिला आणि त्याच्या मंडळाने तो मान्य केला. संघ मोडला नाही, आमलाच्या धावाही आटल्या नाहीत. जे एकाला श्रद्धेमुळे मिळाले, ते प्रत्येक खेळाडूला हक्क म्हणून मिळाले पाहिजे. सज्जनपणावर सोपविलेली सुधारणा सज्जनांपुरतीच राहते.

म्हणून मागण्या खेळाडूच्या चारित्र्यापाशी थांबता कामा नयेत. मद्याच्या नावाचा माल विकण्यास नकार दिला म्हणून कोणाचाही करार, निवड किंवा मानधन कापले जाणार नाही, असे कलम प्रत्येक करारात हवे. संघाच्या मेजवान्यांत होणाऱ्या छळाची तक्रार मंडळाबाहेरच्या यंत्रणेकडे करता आली पाहिजे. आणि व्यसनाला बळी पडलेल्या खेळाडूचा उपचार ही मंडळाची जबाबदारी असावी, उपकार नव्हे. कांबळीला १९८३ च्या विजेत्या संघातील खेळाडूंनी व्यसनमुक्ती केंद्रात जाण्याच्या अटीवर मदत देऊ केली, ती त्यांची माणुसकी. पण खाणीत फुफ्फुसे गेलेल्या कामगाराचा औषधोपचार जुन्या सहकाऱ्यांच्या वर्गणीतून व्हावा असे कोणी म्हणत नाही. ज्या धंद्याने दारूच्या नावावर हजारो कोटी मिळविले, त्याने व्यसनाला धंद्यातला आजार मानून त्याचा खर्च उचलावा.

आता थोडे घरचे. गावोगाव टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात. मंडपाच्या कमानीवर आमदार, सरपंच, जयंती मंडळ यांच्या पंक्तीत परमिट रूमच्या मालकाचे नाव असते, पहिले पारितोषिक बऱ्याचदा त्याच्याच खिशातून येते, आणि संयोजन समितीत पुरोगामी पक्षांचेही कार्यकर्ते असतात. ते म्हणतात, पोरांना खेळायला मिळाले पाहिजे, पैसा दुसरा कोण देतो? भारतीय क्रिकेट मंडळाचा युक्तिवाद याहून वेगळा नाही. आकड्याचा फरक आहे.

महाराष्ट्रातील स्त्रियांनी झगडून एक हक्क मिळविला आहे. गावातील वा वॉर्डातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर परवान्याचे दुकान बंद करावे लागते. हे मतदान घडवून आणताना किती धमक्या येतात आणि एक-दोन टक्क्यांनी कौल कसा हुकतो, हे त्या कामात उतरलेल्या साथींना ठाऊक आहे. एवढे करून दुकान बंद झाले, तरी त्याच संध्याकाळी त्याच घरातील पडद्यावर तीच बाटली, लाडक्या खेळाडूच्या हाताशी, उभीच असते. तिला आडवी करण्यासाठी मतपत्रिका नाही. ती मागणी विधिमंडळात व संसदेत पक्षाने लावून धरावी. महाळुंग-श्रीपूर परिसरातील कार्यकर्त्यांना मात्र त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. पुढील स्पर्धांच्या वर्गणीच्या याद्या उन्हाळ्यापूर्वीच तयार होतात. त्या समित्यांत बसलेल्या साथींनी यादीतील परमिट रूमचे नाव खोडावे, आणि पहिल्या पारितोषिकाची रक्कम कामगार वसाहतीतून, दहा-दहा रुपयांनी का होईना, गोळा करावयास निघावे.